चार मीटर साठ

सत्तर पौंड. चौदा दिवसांत भरले तर पस्तीस.
म्हणजे शहाणपणाला सूट आहे, खरेपणाला नाही,
असं मी त्यांच्याच पाकिटावर लिहिलं
आणि खोडलं. पत्र सभ्य असावं.

हल शहर, बेव्हिस लेन, घर नंबर सतरा.
मिसेस थ्रॅपच्या पियानोचा एक सूर उतरला होता,
पाऊण तास मी आत, तारेला कान लावून.
बाहेर आलो तर वायपरखाली पिवळी पिशवी,
नीट चिकटवलेली, पावसाची काळजी घेऊन.

दुहेरी पिवळ्या रेघेवर गाडी, असा आरोप.
पण तिथं रेघच नव्हती.
मार्चमध्ये पाणी कंपनीनं रस्ता खणला,
कुठंतरी पाणी मुरत होतं म्हणून.
(अजूनही मुरतंय, पण ते वेगळ्या अर्थानं.)
वर काळं डांबर ओतलं, थापटलं, गेले.
रेघ परत ओढायचं काम दुसऱ्या खात्याचं.

कौन्सिलचं उत्तर आलं: रेघ स्पष्ट दिसते.
सोबत फोटो. बॉनेटच्या पुढे रेघ,
डिकीच्या मागे रेघ,
मधे माझी गाडी.
पुरावा होता, पण तो माझ्याच बुडाखाली.

ॲव्हरिल म्हणाली, पस्तीस दे आणि सोड.
तीन आठवडे झोपेत पुटपुटतोयस,
टेक की एकदाचे गुडघे.
टेकले.
रविवारी सकाळी, रस्त्यावर, टेप घेऊन.

टेप एकट्या माणसाचं ऐकत नाही.
एक टोक धरावं तर दुसरं सुटतं,
सर्रकन येऊन बोटांवर बसतं.
चौथ्यांदा सुटलं तेव्हा शेजारी बूट दिसले,
वर पिवळं जाकीट, खांद्यावर आकडा: तीनशे अठरा.
नोटिशीवर होता तोच.
ओसागी, त्यानं नाव सांगितलं. मी न विचारता.
गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं
आणि टेपच्या टोकावर बूट ठेवला.
"मी काही पाहिलेलं नाही," म्हणाला.
"त्या दिवशीही नव्हतं," मी म्हणालो.
हसला नाही.
बूटही हलला नाही.

पुढे दिसली, मागे दिसली,
मधे असणारच असं धरलं, तो म्हणाला,
पाऊस होता, अजून सहा रस्ते बाकी होते.
मला त्याचा राग यायला हवा होता.
माझ्या धंद्यात अठ्ठ्याऐंशी पट्ट्या,
दोन्हीकडच्या सुरात आहेत म्हणून
मधली धरून चालता येत नाही;
पण मला तासाला किती पियानो लावलेस
असं कोणी विचारत नाही.

चार मीटर साठ. गाडी चार मीटर चार.

लवादाची बाई फोनवर अकरा मिनिटं होती.
मागून कुत्रं भुंकत होतं, तिचं की माझ्या शेजाऱ्याचं,
कळलं नाही. दंड रद्द.
पत्रात "या प्रकरणापुरता" असं दोनदा,
"क्षमस्व" एकदाही नाही.
ॲव्हरिलनं ते फ्रीजवर लावलं,
दुधाच्या बिलाखाली.

पुढच्या गुरुवारी रंगाची गाडी आली.
मिसेस थ्रॅपचा फोन, आवाज अर्धा सूर चढा:
गेले सात महिने माझी मुलगी तिथंच लावायची,
समोरचा प्लंबर, नर्सबाई, सगळेच,
कोणी बोललं होतं का? तूच एक
मोजायला बसलास.

आता मी चर्चमागच्या आवारात गाडी लावतो,
तासाला दोन पौंड वीस,
आणि हत्यारांची पिशवी घेऊन चालत येतो.
सतरा नंबरसमोर थांबतो थोडा.
ओली असल्यासारखी चमकते ती,
सलग, सरळ, काळ्या दगडावरची रेघ.
कुणी नाही,
मीच ओढवून घेतली.